पेपिन तळ्यावरचा शनिवार आणि बोटीत मागे तोंड करून बसलेला माणूस

रानवारा (मूळ लेख)

ऑगस्टचा पहिला शनिवार. मिनीआपोलिसहून पहाटे साडेपाचला निघालो. ट्रकमागे मित्राची वीस फुटी बोट, आणि हायवे ६१ने मिसिसिपीच्या कडेकडेनं पेपिन तळ्याकाठचं लेक सिटी गाव. सात जण होतो: बोटवाला मित्र आणि त्याची बायको, सोलापूरकर, कोल्हापूरकर, नागपूरकर जोडपं आणि मी. सगळे चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. सोबत दडपे पोहे, शेंगदाण्याची चटणी, वाटेत घेतलेली मक्याची कणसं आणि ताकाचा मोठा थर्मास. बोट पाण्यात उतरवण्याआधी वहिनींनी तिला कुंकू लावलं, नारळ फोडला. खोबरं सगळ्यांनी खाल्लं, करवंट्या पिशवीत परत घेतल्या, पाण्यात काही टाकलं नाही.

माझा उजवा खांदा गेल्या हिवाळ्यात बर्फावर पडून दुखावलाय, त्यामुळे मला स्की (बोटीमागे दोरी धरून पाण्यावर घसरायच्या फळ्या) घालायची नव्हतीच. माझं काम आधीच ठरलं होतं. बोटीत मागे तोंड करून बसायचं आणि दोरीच्या टोकाला जो कोणी असेल त्याच्यावरून नजर हलवायची नाही. धागा काढतोय तो या कामासाठी. सकाळी मला ते नाइलाजाचं वाटत होतं. संध्याकाळी कुणी जागा बदलू का म्हणालं असतं तर मी दिली नसती.

आधी तळ्याबद्दल. पेपिनला तळं म्हणतात, पण ती मिसिसिपीच आहे. विस्कॉन्सिनमधून येणारी चिपेवा नदी इतकी वाळू आणून टाकते की मिसिसिपीला ती पुढे ढकलता येत नाही. त्या वाळूमागे नदी अडून फुगलीय, जवळजवळ ३५ किलोमीटर लांब आणि तीनेक किलोमीटर रुंद. एक काठ मिनेसोटाचा, दुसरा विस्कॉन्सिनचा, दोन्हीकडे उंच कडे. मधून मालवाहू बार्ज जातात. एकमेकांना बांधलेल्या पंधरा-पंधरा बार्जचा तो ताफा चटकन थांबू शकत नाही, म्हणून लाल-हिरव्या बोयांच्या (तरंगत्या खुणांच्या) मधला त्यांचा रस्ता आम्ही दिवसभर सोडून दिला होता.

लेक सिटीत राल्फ सॅम्युएलसनचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. बर्फावर घसरता येतं तर पाण्यावर का नाही, हे या पोराच्या डोक्यात बसलं. पिंपाच्या फळ्या पायाला बांधून झाल्या, बर्फावरच्या स्की झाल्या, सगळं बुडालं. मग त्यानं आठ फूट लांब, नऊ इंच रुंद अशा दोन फळ्या आणल्या, आईच्या तांब्याच्या भांड्यात टोकं उकळून वर वाकवली आणि पावलांसाठी चामड्याचे पट्टे ठोकले. भाऊ बेन बोट चालवायचा. तरी गटांगळ्या चालूच. २ जुलै १९२२ला, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, तो मागे रेलला, स्कीची टोकं पाण्याबाहेर ठेवली आणि उभा राहिला. पेटंट त्यानं घेतलंच नाही. ते १९२५मध्ये फ्रेड वॉलरनं घेतलं. वॉटर स्कीइंगचा जनक म्हणून सॅम्युएलसनला अमेरिकी वॉटर स्की संघटनेची मान्यता मिळायला १९६६ उजाडलं.

ज्या पाण्यात तो पडत होता, त्याच पाण्यात आमचा सोलापूरकर पडत होता.

त्याच्याबद्दल थोडं सांगायला हवं. हा माणूस चाळिशीपर्यंत पाण्यात उतरला नव्हता. त्याच्या लहानपणी गल्लीत पाण्याचा टँकर आला की घागरी घेऊन धावायचं, पाण्याशी संबंध तेवढाच, असं तो सांगतो. इथे आल्यावर दोन हिवाळे मुलीच्या वयाच्या पोरांबरोबर पोहायला शिकला. शनिवारी तो पहिल्यांदा स्कीवर उभा राहणार होता.

पाण्यातून उठायची रीत सांगायला सोपी आहे. लाईफ जॅकेटवर तरंगत मुटकुळं करून बसायचं. गुडघे छातीशी, हात सरळ, दोरी दोन्ही स्कींच्या मधून, टोकं पाण्याच्या वर. बोट ओढायला लागली की आपण काहीही करायचं नाही. बोट आपल्याला उभं करते. अवघड आहे ते हेच, काही न करणं. दोरीला ताण आला की हात आपसूक आखडतात, माणूस दोरी छातीकडे ओढतो आणि पाठीवर पडतो. नाहीतर घाईनं पाय सरळ करतो आणि तोंडावर जातो. सोलापूरकर सात वेळा पडला. चार वेळा पाठीवर, तीन वेळा तोंडावर.

या सातांतली तिसरी वेळ मी विसरणार नाही. निघायचा इशारा म्हणून आम्ही 'चल' ठरवलं होतं. त्याच्या डाव्या पायाचा रबरी बूट नीट बसत नव्हता. तो पाण्यातून ओरडला, "चालंना!" म्हणजे जमत नाहीये. इंजिनाच्या आवाजात बोटवाल्याला ऐकू आलं, "चल ना!" त्यानं रेस दिली. मी हात वर करून "थांब" म्हणेपर्यंत बोट पुढे गेली होती. एक पाय स्कीत, एक बाहेर. त्यानं लगेच दोरी सोडली म्हणून निभावलं. त्यानंतर दहा मिनिटं इंजिन बंद ठेवून आम्ही नुसतं बोललो. दुसऱ्या कशासारखा ऐकू येणार नाही असा शब्द हवा होता. कोल्हापूरकर म्हणाला, "हाण." तोच ठरला. शिवाय 'हाण' त्यानं मला म्हणायचं, मी मागे बघून खात्री करायची आणि मग मीच बोटवाल्याला सांगायचं. पाण्यातल्या माणसाचं बोटवाल्यानं थेट ऐकायचंच नाही.

आठव्या वेळी मी त्याला एवढंच म्हणालो, "तू दोरी ओढू नको. माझ्याकडे बघ." तो म्हणाला, "हाण." मी म्हणालो, "हाण." पाणी त्याच्या छातीवर चढलं, चेहरा दिसेनासा झाला, आणि मग तो त्या पाण्यातून हळूहळू वर आला, गुडघे अजून वाकलेले, हात सरळ. दहा सेकंद असेल. तेवढा वेळ तो बोटीकडे, कड्यांकडे, कशाकडेच बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता. मग एक लाट आली आणि तो गेला. मी "पडला!" म्हणून हात वर केला, बोट वळली, आणि पाण्यातून त्याचे दोन्ही हात डोक्यावर आले. म्हणजे मी ठीक आहे.

दुपारी साडेतीनच्या सुमाराला पश्चिमेच्या कड्यामागे आभाळ काळं झालं आणि गडगडलं. पेपिनवर वाऱ्याला आडकाठी नाही, लाटा बघता बघता वाढतात. १३ जुलै १८९०ला याच तळ्यावर 'सी विंग' नावाची सहलीची बोट वादळात उलटून ९८ माणसं गेली. बोटवाल्यानं दोरी आत घ्यायला सांगितली आणि आम्ही काठाला आलो. नागपूरकर वहिनींची दुसरी पाळी राहिली होती. अर्धा-पाऊण तास काठावर थांबलो, वादळ उत्तरेकडून निघून गेलं, पेपिनवर थेंबही पडला नाही. तोवर सगळे दमले होते, बोट ट्रेलरवर चढली होती. वहिनी परतीच्या वाटेवर फारशा बोलल्या नाहीत.

परत येणं बरोबरच होतं असं मला वाटतं. तरी ते गप्प बसणं मनातून जात नाही. तुमचे अनुभव सांगा, विशेषतः मागे बघायचं काम ज्यांनी केलंय त्यांनी.

निळावंती

आठव्या प्रयत्नाला मी घरात टाळी वाजवली. सोलापूरकरांना माझं अभिनंदन कळवा.

मी पुण्यात असते. अजिबात पोहता येत नाही, वय ५१. पुढच्या जूनमध्ये मुलाकडे शिकागोला जाणार आहे आणि त्याचे मित्र असंच तळ्यावर जातात. लाईफ जॅकेट असेल तर पोहता न येणारीनं हे करावं का? मला खरं उत्तर हवंय, धीर देणारं नको. कोकणात एका ठिकाणी जेट स्कीवर बसले होते, तेव्हा दिलेल्या जॅकेटची मधली चिमटी तुटलेली होती. मी सांगितलं तर "काय होत नाही ताई" म्हणाले. तेव्हापासून विश्वास उडालाय.

रापण

मी देवगडचो. माझ्या बापाशीची होडी होती, आता भावाकडे आसा. रानवारा, परत आलात ता बरोबर केलात, ह्येच्यात विचारूचा काय नाय.

(बाकी सगळ्यांना कळावं म्हणून सरळ मराठीत लिहितो.) बाबा म्हणायचे, "वारो फिरलो, चला घराक." जाळ्यात मासे असोत नाहीतर नसोत. पुष्कळदा आम्ही परत यायचो आणि मग दिवसभर लख्ख ऊन पडायचं. शेजारची होडी भरून यायची. बाबांनी एकदाही हळहळ केली नाही. वारा आला असता की नसता हे ठरवायला बाहेर थांबावं लागतं, आणि तेच तर करायचं नसतं.

दुसरं म्हणजे शब्दांचं. आमच्याकडे होडीवर ओरडायचे शब्द वेगळेच असतात, घरात कुणी ते वापरत नाही. तुमचं 'हाण' वाचून तेच आठवलं. इंग्रजीतही 'गो' आणि 'नो' सारखे ऐकू येतात म्हणून स्कीवाले 'हिट इट' म्हणतात, असं गोव्यात एका गोऱ्या पाहुण्यानं सांगितलं होतं.

हाडवैद्य

मी अस्थितज्ज्ञ आहे आणि स्कीवरून पडलेले रुग्ण पाहिलेत, म्हणून तीन गोष्टी लिहितो.

घाईनं पाय सरळ करण्याबद्दल रानवारा यांनी लिहिलंय, त्यात तोंडावर पडण्यापेक्षा मोठा धोका आहे. गुडघा ताठ, कंबर पुढे वाकलेली आणि बोट ओढतेय, अशा वेळी मांडीच्या मागचा स्नायू बसायच्या हाडापासून उचकटू शकतो. मांडी काळीनिळी होते, बसता येत नाही, कधी शस्त्रक्रिया करावी लागते. चाळिशीनंतर नव्यानं शिकणाऱ्यांना हे जास्त सांभाळावं लागतं. आखडलेल्या अंगानं पहिल्यांदा पाण्यात उतरू नका. आधी काठावर जमिनीवर बसून दोरी धरून उठायचा सराव करा, समोरून कुणीतरी ओढायचं.

दोरी किंवा तिची मूठ मनगटाला गुंडाळायची नाही. हात तिच्यातून आरपार घालायचा नाही. सटकायची असेल तेव्हा ती सटकली पाहिजे.

तिसरी गोष्ट बोलायला लोक लाजतात. वेगात पडताना पाणी शरीरात जोरानं घुसून आतल्या भागाला इजा होऊ शकते, बायकांना विशेष. पोहण्याचा पातळ पोशाख पुरत नाही. निओप्रीनची आखूड विजार घाला, पुरुषांनीही.

रानवारा

निळावंती, धीर देत नाही, जे पाहिलं ते सांगतो. जॅकेट तुम्हाला तरंगत ठेवतं. पण पडल्यावर नाकातोंडात पाणी जातं, दिशा कळत नाही, आणि ज्याला पाण्याची सवय नाही तो घाबरून हातपाय मारतो. सोलापूरकर सात वेळा पडूनही आठव्यांदा तयार झाला, कारण पाण्यात तोंड बुडणं त्याच्यासाठी नवं नव्हतं. तुमच्याकडे जूनपर्यंत वेळ आहे. पुण्यात तलावावर जाऊन निदान पाठीवर शांतपणे तरंगता येईपर्यंत शिका. तेवढं जमलं तर स्कीचं बघा. नाही जमलं तर बोटीत बसा, आणि मागे बघायचं काम मागून घ्या.

जॅकेटबद्दल: इथे अमेरिकी तटरक्षक दलाची मान्यता असलेली खूण आत शिवलेली असते, ती बघा. स्पर्धावाल्यांचे पातळ, रुबाबदार जॅकेट दिसतात, त्यातल्या बऱ्याच जॅकेटांना ती मान्यता नसते आणि ते पुरेसे तरंगवत नाहीत. घातल्यावर कुणाला तरी खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते तुमच्या मापाचं नाही. आणि चिमटी तुटलेली असेल तर पैसे सोडून उतरायचं, "काय होत नाही" ऐकायचं नाही.

हाडवैद्य, विजारीचं आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मनापासून आभार.

तांबडीमाती

मी ॲरिझोनात, आमच्याकडे बोट आहे. लेख आवडला, पण एक शंका. मिनेसोटात रुंद आरसा असेल तर वेगळ्या निरीक्षकाशिवाय चालतं. मग एका माणसाला दिवसभर मागे बसवायचं कशाला? पाळ्या लावा, सगळ्यांना मजा येऊ दे.

रानवारा

तांबडीमाती, मिनेसोटात आरसा कायद्यानं चालतो हे खरं. पण आरसा बोटवाल्यानं बघायचा असतो आणि त्याचं काम पुढे बघायचं. शनिवारी समोरून जेट स्की येत होत्या, कुणी मासे धरत बसलं होतं, दोनदा बार्जही गेले. तो आरशात बघत असता तेव्हा पुढे कुणी बघितलं असतं?

दुसरं असं की मागे बसलेल्या माणसाला हळूहळू त्या माणसाचं पडणं कळायला लागतं. कोल्हापूरकर दमला की आधी त्याचा डावा खांदा खाली येतो, मग दोनेक सेकंदांत तो पडतो. चौथ्या फेरीला तो अंगठा वर करून वेग वाढवायला सांगत होता आणि खांदा उतरलेला मला दिसत होता. मी बोटवाल्याला वेग तसाच ठेवायला सांगितला. हे आरशात दिसत नाही. दर फेरीला माणूस बदलला तर त्यालाही दिसणार नाही.

खुणा मात्र सगळ्यांना पाठ हव्यात, हे मान्य. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा, गळ्यापाशी आडवा हात म्हणजे थांबवा, डोक्यावर थाप म्हणजे काठाकडे परत. पडल्यावर हात डोक्यावर आले नाहीत तर बाकी सगळं सोडून तिकडे जायचं. पाण्यात वाट बघताना एक स्की उभी धरायची, म्हणजे इतर बोटींना डोकं दिसतं.

रापण

आणि पंखा. होडीचा पंखा फिरत असताना माणूस शिडीपाशी येऊ द्यायचा नाही. इंजिन नुसतं न्यूट्रलला नको, बंदच करायचं. आमच्या गावात ज्या पायाला हे झालंय तो पाय मी पाहिलाय.

हाडवैद्य

रापण यांच्याशी पूर्ण सहमत. आणि इंजिन चालू असताना बोटीच्या मागच्या फळीला धरून पोरं लोंबकळतात, तेही नको. तिथे धुरातला कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो. शुद्ध हरपलेला माणूस न ओरडता पाण्यात जातो. बोटीवर बिअर नको हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

तांबडीमाती

खांद्याचं पटलं. माझी बायको नेहमी मागे बसते आणि ती म्हणते की मला न विचारता वेग वाढवू नकोस. मी ते मनावर घेतलं नव्हतं. आज घेतलं.

फुटाळा

मीच ती नागपूरकर वहिनी. नवऱ्यानं दुव्यावर पाठवलं म्हणून खातं उघडून लिहितेय.

रानवारा भाऊ, लेख छान झालाय, सोलापूरकर भाऊंचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण मी गप्प काऊन होते ते तुम्ही चुकीचं समजले. परत आलो याचा मला राग नव्हता. आभाळ मीही बघितलं होतं. माझा नंबर होता, अंगात जॅकेट घालून, दोरी हातात घेऊन मी मागच्या फळीवर बसले होते. बोटवाल्या भाऊजींनी "दोरी आत घे" एवढंच सांगितलं आणि बोट वळवली. काऊन ते एकानंही मला सांगितलं नाही. सी विंगचं तुम्ही इथे लिहिलं, तेव्हा मला कळलं. तिथे सांगितलं असतं तर मीच आधी दोरी गुंडाळली असती.

सोलापूरकर भाऊंना आठ वेळा मिळाल्या, कोल्हापूरकर भाऊंना चार फेऱ्या, मला एक. मी पहिल्याच वेळी उठले म्हणून माझी पाळी लवकर संपली. हे कुणी मुद्दाम केलं नाही, माहीत आहे मला. पण जी उठते तिला पुन्हा उभं राहायचंच असतं ना.

आणि एक. मी पाण्यात असताना तुम्ही माझ्याकडे बघत होते, ते मला दिसत होतं. त्यामुळे भीती वाटली नाही. हे त्या दिवशी म्हणायचं राहून गेलं.

रानवारा

वहिनी, माझं चुकलं. मी मागे तोंड करून बसलो होतो, तुमच्या हातातली दोरी मीच आत ओढली, आणि तेव्हा मी तुमच्याकडे न बघता आभाळाकडे बघत होतो. तुम्हाला एक वाक्य सांगायला मला वेळ होता.

बोटवाल्याशी आत्ताच फोनवर बोललो. पुढच्या वेळी काठावरच, बोट पाण्यात उतरवण्याआधी सांगायचं: गडगडाट ऐकू आला की दोरी आत, काठावर जायचं, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं आणि मग पुन्हा उतरायचं. बोट लगेच ट्रेलरवर चढवायची नाही. परवा ती चढवली म्हणून तुमची पाळी गेली. आणि पाळ्या पडण्यावर नाही, वेळेवर: प्रत्येकाला वीस मिनिटं, त्यात कितीही वेळा पडा.

निळावंती

मी आज टिळक तलावावर चौकशी करून आले. बायकांची सकाळची बॅच आहे. सोमवारपासून.

फुटाळा

निळावंती ताई, पहिले चार दिवस नाकात पाणी जाईल, सोडू नका.

भाऊ, वीस मिनिटांचं चालेल. लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आधीचा शनिवार मोकळा ठेवते. पहिली पाळी माझी. त्या रबरी विजारी कुठे मिळतात ते हाडवैद्यांना विचारून ठेवा, आम्हाला दोन लागतील. आणि परवा बोट बाहेर काढल्यावर ट्रेलरच्या चाकांत पाणवेली अडकलेल्या होत्या, त्या मी काढल्या, पण बुडाची बुची काढून पाणी सोडलं का ते भाऊजींना विचारा. तिथे शिंपल्यांबद्दल पाटी लावलेली होती, एका तळ्यातले दुसऱ्या तळ्यात नेऊ नका म्हणून.

रानवारा

विचारलं. बुची तिथेच काढली होती, बोट कोरडी आहे. शनिवार नक्की.